सूचीकरण, विदागारातील

विदागारात म्हणजेच डेटाबेसमध्ये साठविलेल्या असंख्य नोंदींपैकी हवी ती नोंद सर्व नोंदी न चाळता सापडावी, यासाठी एका वा अनेक स्तंभांतील मूल्ये ठराविक क्रमाने लावून प्रत्येक मूल्यापुढे मूळ नोंदीचे ठिकाण देणारी जी पूरक रचना ठेवण्यात येते, तिला सूची अथवा इंडेक्स म्हणतात व ती तयार करण्याच्या क्रियेस सूचीकरण म्हणतात. सूचीमुळे मूळ नोंदीत कोणतीही भर पडत नाही; फक्त ती शोधण्याचा मार्ग आखडतो. मात्र सूची ज्या रूपात व ज्या क्रमाने लावलेली असते, त्याच रूपात विचारलेल्या प्रश्नाला ती उपयोगी पडते. प्रश्न विचारताना स्तंभातील मूल्यावर एखादे फलन, म्हणजे त्याचे रूपांतर करणारी क्रिया, योजल्यास सूची जवळ असूनही बहुधा निरुपयोगी ठरते आणि संगणकास एकेक नोंद तपासावी लागते. विदागाराच्या कार्यक्षमतेचे पुष्कळसे प्रश्न या एका गोष्टीशी निगडित आहेत.

नोंदणी कार्यालयातील सूची : संगणकाच्या पूर्वीपासून प्रचारात असलेले सूचीकरणाचे उत्तम उदाहरण दस्तनोंदणीच्या व्यवस्थेत आढळते. नोंदणी अधिनियम, १९०८ अन्वये स्थावर मालमत्तेसंबंधीचे मृत्युपत्रेतर दस्त पुस्तक क्र. १ मध्ये नोंदले जातात. ही नोंद दस्त ज्या क्रमाने दाखल होतात त्या क्रमाने होते. म्हणून केवळ या पुस्तकावरून विशिष्ट जमिनीचे व्यवहार शोधावयाचे झाल्यास त्याचे प्रत्येक पान उलटावे लागेल. ही अडचण ओळखून कलम ५५ मध्ये चार सूची विहित केल्या आहेत. सूची क्र. १ मध्ये पुस्तक क्र. १ मधील दस्त करून देणाऱ्यांची व त्याखाली हक्क सांगणाऱ्यांची नावे असतात, तर सूची क्र. २ मध्ये कलम २१ नुसार दिलेले मालमत्तेचे वर्णन असते. उरलेल्या दोन सूची मृत्युपत्रे व इतर दस्तांसंबंधीच्या आहेत. महाराष्ट्रात घर वा जमीन खरेदी करणाऱ्यास परिचित असलेला ‘इंडेक्स टू’ तो हाच. एकच दस्त नावावरून एका सूचीद्वारे व मालमत्तेवरून दुसऱ्या सूचीद्वारे सापडतो; दस्ताची प्रत मात्र दोनदा ठेवावी लागत नाही. आधुनिक विदागारातील अनेक सूचींचे तत्त्वही हेच आहे.

सूची ही केवळ सोयीची बाब नव्हे, हे कायद्यानेही मानले आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ३ मधील स्पष्टीकरणानुसार, ज्या व्यवहाराची दस्तनोंदणी कायद्याने आवश्यक असते त्याच्या नोंदणीमुळे नंतर ती मालमत्ता घेणाऱ्यास त्या व्यवहाराची सूचना मिळाली असे गृहीत धरले जाते. परंतु दस्त रीतसर नोंदला जाणे व पुस्तकात दाखल होणे यांबरोबरच कलम ५५ खालील सूचींत त्याचा तपशील बिनचूक लिहिला गेला असला पाहिजे, अशी अट तेथे आहे. सूचीत चुकीच्या जागी गेलेला दस्त कपाटात सुरक्षित असला, तरी शोध घेणाऱ्याच्या दृष्टीने तो जणू अस्तित्वातच नसतो. बँका कर्ज देण्यापूर्वी वकिलाकडून जो शोध अहवाल मागवितात, त्याची विश्वसनीयताही सूचीच्या अचूकतेवर अवलंबून असते.

शोधपदाची निश्चिती : ज्या मूल्यावरून शोध घ्यावयाचा ते शोधपद निःसंदिग्ध असावे लागते. वर्धा जिल्ह्यातील, नागपूर-अमरावती महामार्गावरील कारंजा (घाडगे) हे तालुक्याचे ठिकाण याचे चांगले उदाहरण होय. कारंजा नावाचे दुसरे तालुक्याचे ठिकाण वाशिम जिल्ह्यात असून ते कारंजा (लाड) म्हणून ओळखले जाते. रायगड जिल्ह्यात उरणजवळही कारंजा आहे. कंसातील उपपद हे येथे भेददर्शक ठरते. परंतु हेच नाव कोणी कंसासह, कोणी कंसाशिवाय, तर कोणी केवळ ‘कारंजा’ असे लिहितो. वाचकास ही रूपे एकच वाटली, तरी संगणकाच्या दृष्टीने त्या तीन भिन्न अक्षरमालिका होत. शिवाय १९९८ मध्ये अकोला जिल्ह्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाल्याने कारंजा (लाड) च्या जुन्या नोंदींत जिल्ह्याचे नाव निराळे असते. म्हणून नावाऐवजी प्रत्येक स्थळास कायमचा सांकेतिक क्रमांक देऊन तो शोधपद म्हणून वापरणे अधिक सुरक्षित असते.

एकाहून अधिक स्तंभांची संयुक्त सूची करता येते. जिल्हा, तालुका, मौजा व भूमापन क्रमांक या क्रमाने केलेली सूची कारंजा (घाडगे) तालुक्यातील एखाद्या मौजातील सर्व शेते तत्काळ देईल. पण केवळ ‘भूमापन क्रमांक ४५’ एवढेच विचारल्यास तिचा फारसा उपयोग नाही, कारण हा क्रमांक प्रत्येक मौजाखाली विखुरलेला असतो. संयुक्त सूचीत स्तंभांचा क्रम ठरविताना प्रश्न कोणत्या बाजूने विचारले जातात हे पाहावे लागते. महसुली दप्तरातही हाच विचार दिसतो : गाव नमुना सात-बारा जमिनीच्या क्रमांकानुसार, तर गाव नमुना आठ-अ खातेदारानुसार असतो.

रचना : विदागारांत सर्वाधिक वापरली जाणारी सूची बी-वृक्ष या रचनेची असते. रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्रेट यांनी बोइंग कंपनीच्या संशोधनशाळेत ही रचना विकसित केली व १९७२ मध्ये तिच्यावरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. या वृक्षाच्या मुळाशी एक पृष्ठ असते. त्यातील मूल्ये वाचून कोणत्या शाखेकडे वळावयाचे ते ठरते. शाखेच्या पृष्ठावरून पुढील पृष्ठ व अखेर पर्णपृष्ठ गाठले जाते. पर्णपृष्ठांवर सर्व शोधपदे क्रमाने व मूळ नोंदीच्या पत्त्यासह असतात. नवी नोंद आल्याने पृष्ठ भरले, तर ते दुभंगून दोन होतात. त्यामुळे वृक्ष नेहमी समतोल राहतो आणि कोणत्याही शोधपदापर्यंतचे अंतर सारखेच असते.

या रचनेचे सामर्थ्य पुढील कल्पित हिशेबावरून लक्षात येईल. एका विदागारात १ कोटी नोंदी आहेत व एका पृष्ठावर १०० नोंदी मावतात, असे मानू. सूची नसल्यास एक नोंद शोधण्यासाठी १ लाख पृष्ठे वाचावी लागतील. सूचीच्या पृष्ठावर सु. ३०० शोधपदे मावत असल्यास तीन पातळ्यांत ३०० × ३०० × ३०० म्हणजे २ कोटी ७० लाख शोधपदे सामावतात. त्यामुळे सूचीची तीन पृष्ठे व मूळ नोंदीचे एक, अशी केवळ चार पृष्ठे वाचून काम होते. शिवाय शोधपदे क्रमाने असल्याने ‘अमुक दिनांकापासून तमुक दिनांकापर्यंत’ यांसारख्या पल्ल्याच्या प्रश्नांचीही उत्तरे मिळतात. निश्चित मूल्य शोधण्यासाठी संकरणावर म्हणजे हॅशिंगवर आधारित सूचीही वापरतात. पण तिच्यात क्रम नसल्याने पल्ल्याच्या प्रश्नास ती निरुपयोगी असते.

पृच्छा-नियोजन : १९७० मध्ये ई. एफ. कॉड यांनी आयबीएम कंपनीत असताना संबंधात्मक विदागाराची संकल्पना मांडली. सूची नव्याने केल्या वा काढून टाकल्या, तरी विदा वापरणारे कार्यक्रम बदलावे लागू नयेत, असा त्यांचा आग्रह होता. या व्यवस्थेत वापरकर्ता काय हवे ते सांगतो. ते कसे शोधावयाचे हे प्रणाली ठरविते. प्रश्नाच्या या विधानास पृच्छा म्हणतात. आयबीएमच्या सॅन होजे येथील सिस्टिम आर प्रकल्पात पॅट्रिशिया सेलिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये पृच्छेच्या विविध मार्गांच्या खर्चाचा अंदाज बांधून स्वस्त मार्ग निवडण्याची पद्धती प्रसिद्ध केली. ‘स्तंभ, तुलनाचिन्ह, मूल्य’ अशा साध्या रूपात असलेल्या अटीच सूचीद्वारे शोधण्यायोग्य असतात, हा भेद त्या प्रकल्पात स्पष्ट झाला. अशा अटींना ‘सार्जेबल’ ही संज्ञा तेथूनच रूढ झाली.

स्तंभावर फलन योजल्याचे परिणाम : समजा, नोंदणी दिनांकाच्या स्तंभावर सूची आहे व २०१५ मधील दस्त हवे आहेत. ‘दिनांकातून काढलेले वर्ष = २०१५’ अशी अट लिहिल्यास प्रणालीसमोर सूचीतील मूल्य नसून त्यापासून काढलेले दुसरेच मूल्य येते. वर्ष काढल्याने दिनांकाचा क्रम बिघडत नाही, हे माणसास दिसते. परंतु फलनाच्या अंतरंगाचे असे ज्ञान प्रणालीस सामान्यतः नसते. म्हणून ती प्रत्येक नोंदीचा दिनांक घेऊन वर्ष काढत बसते. हीच अट ‘दिनांक १ जानेवारी २०१५ वा त्यानंतरचा आणि १ जानेवारी २०१६ पूर्वीचा’ अशी लिहिल्यास सूचीतील सलग भाग वाचून काम भागते. दोन्ही अटींचा अर्थ एकच. खर्चात मात्र जमीनअस्मानाचे अंतर पडते.

वयाचे उदाहरणही बोधप्रद आहे. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेसाठी ६५ वा अधिक वयाची अट आहे. प्रत्येक नोंदीतील जन्मदिनांकावरून वय काढून ते ६५ शी ताडण्यापेक्षा आजच्या दिनांकातून ६५ वर्षे एकदाच वजा करावीत व जन्मदिनांक त्या दिवशीचा वा त्यापूर्वीचा आहे काय हे पाहावे. फलन स्तंभाच्या बाजूने असल्यास ते जितक्या नोंदी तितक्या वेळा चालते. स्थिर मूल्याच्या बाजूने असल्यास एकदाच. अट लिहिताना स्तंभ मोकळा ठेवावा, या नियमाचे सार एवढेच आहे.

काही वेळा फलन डोळ्यांस दिसत नाही. भूमापन क्रमांक ‘१२/२अ’ असाही असल्याने तो अक्षररूपात साठवावा लागतो. अशा स्तंभाची तुलना संख्येशी केल्यास काही प्रणाली गुपचूप प्रत्येक मूल्याचे संख्येत रूपांतर करतात व सूची वाया जाते. त्याचप्रमाणे नावाच्या आरंभीची अक्षरे माहीत असल्यास सूचीचा उपयोग होतो. परंतु ‘ज्यांच्या शेवटी घाडगे आहे अशी नावे’ हा प्रश्न शब्दकोशात विशिष्ट अक्षराने संपणारे शब्द शोधण्यासारखा होय.

फलनाचा खर्च तीन प्रकारचा असतो. पहिला, वर सांगितल्याप्रमाणे, सूची हुकल्याने सर्व पृष्ठे वाचण्याचा. दुसरा, फलन वारंवार चालविण्याचा. एका वेळेस १० मायक्रोसेकंद घेणारे फलन १ कोटी नोंदींवर १०० सेकंद घेईल. पण फलनाच्या पोटात दुसरी पृच्छा असून तिला १ मिलिसेकंद लागत असेल, तर एकूण १०,००० सेकंद म्हणजे सुमारे पावणेतीन तास लागतील. तिसरा खर्च चुकीच्या अंदाजाचा. स्तंभातील मूल्यांच्या वाटणीची आकडेवारी प्रणाली राखते; फलनाच्या उत्तरांची आकडेवारी तिच्याकडे सहसा नसते. त्यामुळे किती नोंदी मिळतील याचा तिचा कयास चुकतो व पुढील सर्व नियोजन फसू शकते.

देवनागरीतील विशेष प्रश्न : मराठी विदेच्या सूचीकरणात लिपीमुळे काही निराळ्या अडचणी उद्भवतात. युनिकोड संकेतावलीत ‘ळ’ चे स्थान ‘ल’ च्या लगेच पुढे व ‘व’ च्या आधी आहे. मराठी वर्णमालेत मात्र ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो. त्यामुळे केवळ संकेतांकानुसार लावलेल्या सूचीत ‘काळे’ हे आडनाव ‘कावळे’ च्या आधी, तर मराठी कोशाच्या क्रमाने ते नंतर पडते. ‘कऱ्हाड’ मधील अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ व हलन्त चिन्ह यांनी, किंवा ‘र’, हलन्त चिन्ह व अदृश्य जोडचिन्ह यांनी. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडच्या २००८ मधील ५.१ या आवृत्तीत आले. तत्पूर्वी ‘अ’ वर चंद्र देऊन ते साधले जाई. ही जोडरूपे दिसण्यास सारखी, पण संकेतांकांनी भिन्न असतात आणि युनिकोडच्या प्रमाण सामान्यीकरणानेही ती एकरूप होत नाहीत. देवनागरी व आंतरराष्ट्रीय अंकांचे मिश्रण, अनावश्यक मोकळ्या जागा आणि कंस यांची त्यात भर पडते.

अशा विदेत शोध घेताना दोन्ही रूपे सापडावीत म्हणून प्रत्येक पृच्छेत नाव शुद्ध करणारे फलन घालण्याचा मोह होतो. फलन न घातल्यास नोंद हुकण्याचा व घातल्यास शोध मंदावण्याचा धोका असतो. या पेचातून सुटण्याचा मार्ग म्हणजे शुद्धीकरण शोधाच्या वेळी न करता नोंदीच्या वेळी करणे हा होय.

उपाय : वरील तत्त्व जुने आहे. ध्वनिसाम्यावरून आडनावांना संकेत देणाऱ्या साउंडेक्स पद्धतीचे एकस्व रॉबर्ट रसेल यांना १९१८ मध्ये मिळाले. अमेरिकेत १८८० च्या जनगणनेतील मुलांच्या नोंदी पुढे सामाजिक सुरक्षा योजनेसाठी शोधता याव्यात म्हणून १९३० नंतरच्या दशकात या संकेतांनुसार कार्डे लावण्यात आली. वर्तनी कशीही असो, नावाचा संकेत एकदाच काढला गेला व कार्ड त्या जागी बसले. संगणकपूर्व काळातील ही फलनाधारित सूचीच होती.

आधुनिक प्रणालींत फलनाच्या उत्तरावरच सूची उभारण्याची सोय आहे. ओरॅकलच्या ८ आय या आवृत्तीत ती आली. पोस्टग्रेएसक्यूएलच्या २००३ मधील ७.४ या आवृत्तीत कोणत्याही पदावलीवर सूची करता येऊ लागली, तर मायएसक्यूएलमध्ये ही सोय २०१८ मध्ये ८.०.१३ या आवृत्तीपासून मिळाली. दुसरा मार्ग म्हणजे शुद्ध रूपाचा वेगळा स्तंभ ठेवून त्यावर सूची करणे. दस्तातील मूळ लेखन जसेच्या तसे राखावयाचे असल्यास हा मार्ग विशेष सोयीचा असतो : मूळ स्तंभ पुराव्यासाठी व शुद्ध स्तंभ शोधासाठी.

फलनाधारित सूचीसाठी एक अट अनिवार्य असते. तेच मूल्य दिल्यास फलनाने सदैव तेच उत्तर दिले पाहिजे. वय हे दररोज बदलत असल्याने त्याची सूची करता येत नाही. जन्मदिनांकाची करता येते. क्रम लावण्याचे नियमही असेच स्थिर असावे लागतात. २०१८ मध्ये जीलिबसी या मूलभूत आज्ञासंग्रहाच्या २.२८ या आवृत्तीत अक्षरक्रमाचे नियम बदलले. त्यावर विसंबलेल्या पोस्टग्रेएसक्यूएल विदागारांतील जुन्या सूची नव्या नियमांशी विसंगत ठरण्याचा धोका निर्माण झाला व मजकुराच्या सूची पुन्हा उभाराव्या लागल्या. नोंद जागेवर असूनही सूचीतून न सापडण्याचा प्रकार अशा वेळी संभवतो.

महाराष्ट्रातील संशोधन : पृच्छेतील फलनांचा खर्च कमी करण्याच्या संशोधनात पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्था, मुंबई हिचा वाटा महत्त्वाचा आहे. तेथील प्राध्यापक एस. सुदर्शन हे एब्राहम सिल्बरशॅट्झ व हेन्री कॉर्थ यांच्यासमवेत डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स या जगभर अभ्यासल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकाचे सहलेखक आहेत. रवींद्र गुरवन्नवर व सुदर्शन यांनी २००८ मध्ये कार्यपद्धतींचे असे पुनर्लेखन सुचविले की, एकेक मूल्यासाठी स्वतंत्र पृच्छा न धाडता मूल्यांचा गट करून एकदाच विचारणा करता यावी. अभिलेख कक्षात प्रत्येक नावासाठी शिपाई पाठविण्याऐवजी सर्व नावांची यादी एकदाच द्यावी, तसा हा प्रकार आहे. २०१४ मध्ये या संस्थेतील संशोधकांनी फलनातील आज्ञा उलगडून त्या मूळ पृच्छेत विलीन करण्याची पद्धती मांडली. या संशोधनात सहभागी असलेले व याच संस्थेतून विद्यावाचस्पती झालेले कार्तिक रामचंद्र यांनी पुढे मायक्रोसॉफ्ट कंपनीत सहकाऱ्यांसह फ्रॉइड ही प्रणाली विकसित केली. तिच्यावरील निबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला व एसक्यूएल सर्व्हर २०१९ मध्ये एकमूल्यी फलनांचे असे विलीनीकरण उपलब्ध झाले. फलन उलगडले गेल्याने नियोजकास त्याचे अंतरंग दिसते आणि आतील अटींसाठी योग्य सूची निवडणे त्यास शक्य होते.

मर्यादा : सूची फुकट मिळत नाही. प्रत्येक नव्या नोंदीबरोबर तिच्याशी संबंधित सर्व सूचींत भर घालावी लागते. जागाही खर्ची पडते. म्हणून सर्व स्तंभांवर सूची करणे हितावह नसते. ज्या स्तंभात मोजकीच मूल्ये असतात, उदा., होय वा नाही, तेथे सूचीद्वारे निम्म्या नोंदी इतस्ततः उचलण्यापेक्षा सर्व पृष्ठे सलग वाचणे स्वस्त पडते. विदागार लहान असल्यासही सूचीची गरज भासत नाही. तसेच फलने सर्वथा त्याज्य होत, असेही नाही : निवड झालेल्या थोड्या नोंदींचे स्वरूप बदलून दाखविण्यासाठी ती योजल्यास खर्च नगण्य असतो. निवडीच्या अटीत स्तंभावर ती योजली जाते, तेव्हाच काळजी घ्यावी लागते.

सूची कोणत्या स्तंभांवर असावी हे नोंदींच्या संख्येपेक्षा त्यांविषयी कोणते प्रश्न विचारले जाणार यावरून ठरते. सार्वजनिक अभिलेखांच्या बाबतीत हा निर्णय केवळ तांत्रिक राहत नाही. जमिनीचा व्यवहार, वारसाची नोंद वा निवृत्तिवेतनाची पात्रता यांसंबंधीची नोंद योग्य रूपात सूचीत गेली, तरच ती संबंधिताच्या कामी येते. लिहिताना घेतलेला एका वेळेचा श्रम पुढे होणाऱ्या प्रत्येक शोधाचा श्रम वाचवितो. तो टाळल्यास त्याचा भार प्रत्येक शोधकर्त्यावर पडत राहतो.